नव्या रेघेची वाट

बिबवेवाडी, पुणे
२१ ऑक्टोबर १९९६

हेमाताई,

तेलाची बाटली पोचली. सोलापूरचा कांद्याचा ट्रक मार्केट यार्डात लागल्यावर ड्रायव्हर मच्छिंद्रने ती आमच्या गाळ्यावर जयसिंगच्या हातात दिली आणि 'सोलापूरच्या ताईंनी वैनींच्या पोटाला लावायला दिलंय' असं सगळ्या हमालांसमोर मोठ्यांदा सांगितलं. जयसिंग घरी आला तेव्हाही त्याचे कान लाल होते. पुढच्या वेळी लोणचं म्हणून पाठव.

फोनवर यातलं काही बोलता येत नाही. फोन पुढच्या खोलीत आहे आणि सासूबाईंची बैठक फोनला लागून. त्या ऐकत नाहीत, पण त्यांना ऐकू येतं.

आता कामाचं. मला पाचवा महिना संपत आला. गेल्या वर्षी जूनमध्ये, नवव्या महिन्यात, मुलगी पोटातच गेली. कारण सापडलं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. हे तुला माहीत आहे आणि त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे शनिवार पेठेत आईकडे होतं. या वेळी सासूबाईंनी सांगून टाकलं आहे, 'आता तिकडं न्हाई. हितंच.'  तेव्हापासून आई इकडे आलेली नाही.

मला तुझ्याकडून माहिती हवी आहे. तुझ्या दोन्ही वेळी पोटावर रेघा कोणत्या महिन्यात उठल्या? रंग कसा होता? दुसऱ्या वेळी नव्या उठल्या का, आणि उठल्या असतील तर जुन्यांच्या जागी की शेजारी? आठवतं तेवढंच लिही, अंदाज नकोत. माझ्या पोटावर मागच्या वेळच्या आहेत. आता पांढऱ्या झाल्या आहेत.

सुनीती


सोलापूर
२ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुनू,

तुझं पत्र म्हणजे आमच्या शाळेत येणारी तपासनीस बाई. मायेचा एक शब्द नाही, प्रश्न मात्र ओळीने. तुझी मावसबहीण आहे गं मी, साक्षीदार नव्हे.

चकलीचा सोऱ्या बाजूला ठेवून उत्तरं देते. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात उठल्या, बेंबीच्या खाली, वांग्याच्या सालीच्या रंगाच्या. तुझे माधवभावजी म्हणाले, 'भूगोलाच्या बाई, पोटावर नद्या आल्या.' आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या वेळी कडेला थोड्या नव्या आल्या, जुन्या होत्या तिथेच राहिल्या. खोबरेल लावलं, तिळाचं लावलं, शेजारणीने तूप दिलं तेही लावलं. रेघा आल्याच. घरभर वास मात्र छान यायचा. आणि खाज सुटली तर माझ्या सासूबाई खाजवू द्यायच्या नाहीत. खाजवलं की वळ उठतात, असं म्हणायच्या.

तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं. मागच्या वेळच्या त्या रेघा रोज अंघोळीला दिसत असतील. किती त्रास होत असेल! सुनू, पुसून टाक त्या. आमच्या गल्लीत शकू पार्लर चालवते, तिच्याकडे एक क्रीम आहे. तीन महिन्यांत साफ म्हणते. ट्यूब पाठवते आहे. मच्छिंद्रला सांगितलंय, लोणचं आहे. तो म्हणाला, 'एवढुसं?'

तुझी हेमाताई


बिबवेवाडी
१६ नोव्हेंबर १९९६

हेमाताई,

ट्यूब लावलेली नाही. तिच्या मागे बारीक अक्षरांत ट्रेटिनॉइन असं लिहिलं आहे. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आहे आणि गरोदर बाईने लावायचं नसतं. बाळात व्यंग राहण्याची भीती असते. शकूला हे सांग. नुसतं सांगू नकोस, ट्यूबवरच्या ओळीवर बोट ठेवून दाखव.

बाकीचं मी आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं. रेघ कातडीच्या वरच्या थरात नसते. खालच्या थरातले तंतू ताणाने तुटतात आणि ते वरून दिसतं. तेल तिथपर्यंत पोचत नाही. कोरडेपणा जातो, बरं वाटतं, इतकाच त्याचा उपयोग. रेघा कुणाला उठणार हे आईकडून आलेल्या कातडीवर आणि पोट किती भरभर वाढतं यावर असतं. नंतर रंग उतरतो, पूर्ण जात नाहीत. बाळंतपणानंतर त्या फिकट करायचे उपाय त्वचेच्या डॉक्टरांकडे आहेत. आता तेल लाव आणि जेवणावर लक्ष ठेव, असं त्या म्हणाल्या.

पण तू मला उलटं समजलीस. रेघा नको आहेत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मला नव्या हव्या आहेत.

आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही रबराची पट्टी तपासतो तेव्हा तिच्यावर शाईच्या दोन रेघा मारतो आणि पट्टी यंत्रात लावून ताणतो. दोन रेघांमधलं अंतर किती वाढलं यावरून रबर किती ताणलं गेलं ते कळतं. पट्टीकडे नुसतं बघून कुणालाही काही कळत नाही. माझ्या पोटाकडे बघून सगळे म्हणतात, छान वाढतंय. मागच्या वेळीही सगळे हेच म्हणत होते. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

म्हणून मी जुन्या रेघांच्या दोन्ही कडांना पेनाने खुणा केल्या. कातडी वाढली तर खुणांच्या बाहेर नवी रेघ उठेल, आणि ती उठली तर आत कुणीतरी वाढतंय हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. तिसऱ्या दिवशी सासूबाई तेल लावायला बसल्या.

'ह्ये काय गं? पोटावर गणित मांडलंस?'

'खुणा आहेत, आई.'

'कशाच्या? मोजणी करून सातबाऱ्यावर चढवायचंय का पोट?'

आणि तेलाच्या हाताने सगळं पुसून टाकलं. मी परत काढल्या. त्यांनी परत पुसल्या. रेघ उठू नये म्हणून त्या रोज अर्धी वाटी तेल जिरवतात. ती उठावी म्हणून मी रोज आरशासमोर उभी राहते. आम्ही दोघी यावर बोलत नाही.

अजून नवी रेघ नाही.

सुनीती


सोलापूर
५ डिसेंबर १९९६

सुनू,

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि पाचवीच्या वर्गाला सरळ खेळायला सोडून दिलं.

मी चुकले. पुसून टाक म्हणाले, ते विसर. पण बाई माझे, पोट म्हणजे तुमच्या कारखान्यातली पट्टी नव्हे. एकदा ताणलेली कातडी दुसऱ्या वेळी सैल असते. शेजारच्या काकूंना तिसऱ्या वेळी एकही रेघ आली नाही, आणि तो मुलगा आता दारातून वाकून आत येतो. रेघ नाही म्हणजे बाळ नाही, हा हिशेब तू कुठून आणलास?

डॉक्टरबाई ठोके ऐकतात ना? टेप लावून पोट मोजतात ना? त्या काय म्हणतात ते लिही. त्या म्हणतात तेच, त्यावरची तुझी टीका नको.

आणि तू झोपतेस का? तेही लिही.

हेमाताई


बिबवेवाडी
२९ डिसेंबर १९९६

हेमाताई,

अक्षर वाईट आहे. हातांना फडकी बांधली आहेत आणि त्यातून पेन नीट धरता येत नाही. कारण पुढे लिहिते.

आधी तुझे प्रश्न. ठोके व्यवस्थित आहेत. पोट महिन्याच्या मानाने बरोबर आहे. मागच्या वेळीही शेवटच्या तपासणीत दोन्ही ठीक होतं. ही टीका नाही, झालेली गोष्ट आहे. झोप नाही.

गेल्या आठवड्यात अंघोळीच्या वेळी खुणांच्या बाहेर, डाव्या बाजूला, लाल रेघा दिसल्या. चांगल्या लांब. मी न्हाणीघरातच स्टुलावर बसले आणि बराच वेळ हसत होते. जयसिंगने दार वाजवलं, 'काय झालं?' मी म्हटलं, काही नाही, साबण घसरला. तीन दिवसांत त्या रेघा गेल्या. स्ट्रेच मार्क्स तीन दिवसांत जात नाहीत. माझीच नखं होती, झोपेत लागलेली.

म्हणून फडकी. सासूबाईंनी ओरखडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. 'खाजवू नगं, पोरी. वळ उठत्यात, जल्माचं ऱ्हात्यात.' जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून रात्री माझे हात बांधतात आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपतात. मी हलले की विचारतात, 'काय गं?' त्याही झोपत नाहीत. त्यांना कशाची भीती आहे ते मी विचारलेलं नाही. मला कशाची आहे ते त्यांनी विचारलेलं नाही.

खाज तशी पोटाला थोडी आहे. जास्त तळहातांना आणि तळपायांना. पुरळ नाही, दिसायला काहीच नाही. हात बांधल्यावर पाय उरतात. गाळ्यावरून आलेलं एक बारदान मी पलंगाच्या पायथ्याशी अंथरलं आहे, त्यावर तळवे घासले की थोडा वेळ बरं वाटतं. हे मूळ विषयात बसत नाही. तू झोपेचं विचारलंस म्हणून लिहिलं. लघवी गडद होते, ती बहुधा लोहाच्या गोळ्यांमुळे. डॉक्टरबाईंची पुढची तारीख नऊ जानेवारी आहे. तोपर्यंत रेघ उठली तर त्यांना दाखवेन.

अजून नाही.

सुनीती


सोलापूर
२ जानेवारी १९९७

सुनू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मच्छिंद्रचा ट्रक आज निघतोय, त्याच्या शर्टाच्या खिशात देते आहे. काल दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या सासूबाईंनी घेतला आणि 'आत्ताच डोळा लागलाय तिचा, उठवू नगं' म्हणाल्या. त्यांना काय सांगणार? मलाच धड काही माहीत नाही.

मला एकच कळत नाहीये. पोट वाढतं, कातडी ताणते, म्हणून खाज सुटते, हे मला पटतं. पण तळहात कुठे वाढतात, सुनू? तळपाय कुठे ताणतात? तू एवढी शिकलेली. तुला हा प्रश्न पडला नाही?

दुसरं. पंचाण्णवच्या मे महिन्यात सुटीला मी शनिवार पेठेत मावशीकडे आले होते. तुला आठवा संपला होता. तू दिवसभर स्वयंपाकघरातल्या थंड शहाबादी फरशीवर तळवे घासत बसायचीस. आम्ही चेष्टा करायचो. मी म्हणाले होते, 'बाळाला दगडी फरशीचे डोहाळे लागलेले दिसतायत.' मावशी म्हणाली, पुण्याचा उन्हाळा. सगळे हसलो. तूसुद्धा.

पंधरा दिवसांनी तार आली.

त्या वेळी बिबवेवाडीचं कुणी तिथे नव्हतं. या वेळी शनिवार पेठेतलं कुणी तुझ्याजवळ नाही. ती फरशी मी पाहिली आणि हे बारदान मी वाचलं, दोन्ही फक्त माझ्याकडे आहेत. मी डॉक्टर नाही. कदाचित काहीच नसेल आणि तू मला मूर्खात काढशील. काढ. पण नऊ तारखेची वाट बघू नकोस. हे पत्र मिळाल्याबरोबर ऊठ, डॉक्टरबाईंकडे जा आणि पोटाचं काही न बोलता आधी तळहातांचं सांग. मागच्या वेळचंही सांग.

मच्छिंद्रला बजावलंय, हे लोणचं नाही.

हेमाताई


बिबवेवाडी
१० जानेवारी १९९७

हेमाताई,

पत्र तीन तारखेला सकाळी मिळालं. मच्छिंद्र गाळ्यावर न थांबता ट्रक घेऊन थेट आमच्या गल्लीत आला. ट्रक वळेना, तो अर्धा तास गल्ली अडवून उभा होता.

तुझा प्रश्न मी उभ्यानेच वाचला. तळहात ताणले जात नाहीत. पट्टी ताणल्याविना तुटली तर दोष ताणाचा नसतो, दुसरं कारण शोधायचं, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

सासूबाई म्हणाल्या, 'आज कशाला? तारीख नऊची हाय न्हवं?' मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. सगळं, शहाबादी फरशीसकट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्या तुजं हात बांधलं.' आणि पायात चपला अडकवून माझ्याआधी जिना उतरल्या. रिक्षात त्यांनी माझा तळहात स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि सारसबागेपासून दवाखान्यापर्यंत खरखरीत अंगठ्याने चोळत राहिल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी पोट पाहिलं नाही, डोळे पाहिले, आणि रक्त घ्यायला सांगितलं. काल निकाल आला. यकृतातलं पित्त नीट वाहत नाही, ते रक्तात साठतं, त्याची ही खाज. गरोदरपणात काही बायकांना शेवटच्या महिन्यांत होतं आणि बाळंतपणानंतर आपोआप जातं. आईला त्रास खाजेचा. धोका बाळाला. पुढे किती, कधी, हे आधी सांगता येत नाही. ठोके आज चांगले असले तरी उद्याचं काही कळत नाही. पुढच्या वेळी परत होण्याची शक्यता मोठी असते.

मी विचारलं, मागच्या वेळी हेच होतं का? त्या म्हणाल्या, असू शकतं. तेव्हा रक्त तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. उन्हाळा होता.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. एक दिवसाआड तपासणीला जायचं. नववा महिना लागून सदतिसावा आठवडा भरला की कळा आणून बाळंतपण करायचं, वाट बघायची नाही. म्हणजे अजून जवळजवळ चार आठवडे. त्याआधी काढलं तर बाळ कच्चं, नंतर ठेवलं तर धोका. मधली जागा एवढीच आहे. हे सगळं मला नीट समजलं आहे. समजल्याचा काहीही उपयोग होत नाही. बाळ हललं की मी श्वास घेते आणि थांबलं की सोडत नाही. इतकी भीती असते हे मला माहीत नव्हतं, ताई. मागच्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी रात्री झोपत होते.

एक काम कर. आईला तू सांग. गेलं दीड वर्ष तिला वाटतंय की तिच्या घरात, तिच्या हातून, काहीतरी चुकलं. इथेही सगळ्यांना तसंच वाटत होतं, फक्त कुणी बोललं नाही. मला तिच्यासमोर हे सांगता येणार नाही.

सुनीती


शनिवार पेठ, पुणे
१९ जानेवारी १९९७

सुनू,

पत्ता बघून दचकू नकोस. शाळेतून रजा काढून मी आलेच. असं काही पत्रात लिहायचं नसतं.

मावशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. सगळे झाल्यावर तेच परत ताटात ओतून पुन्हा निवडायला घेतले. मग म्हणाली, 'म्हणजे माझ्या जेवणामुळे नाही?' मी म्हटलं, नाही. 'जिन्यामुळे?' नाही. 'त्या दिवशी मी तिला केस धुवायला लावले होते.' नाही, मावशी. अशी ती एकेक काढत गेली आणि मी नाही म्हणत गेले. किती साठवलं होतं गं बाईने!

उद्या आम्ही दोघी येतो आहोत. तिला भीती आहे ती तुझ्या सासूबाईंची. म्हणते, 'त्यांनी नको म्हटलं तर?' तेव्हा त्यांना आधी सांगून ठेव. डॉक्टरकडच्या फेऱ्यांना सोबत लागेल आणि जयसिंगला गाळा आहे, इतकंच सांग. मान-अपमान नंतर बघू. मूल झाल्यावर भांडायला आयुष्य पडलंय.

तुला धीर देत नाही. तुला तो आवडत नाही आणि माझ्याकडेही फारसा उरलेला नाही.

हेमाताई


दवाखाना, पुणे
१२ फेब्रुवारी १९९७

हेमाताई,

तू परवाच सोलापूरला गेलीस आणि मी लगेच लिहिते आहे. खरं तर लिहिण्यासारखं फारसं काही नाही. मुलीचं वजन थोडं कमी आहे, ते भरून येईल म्हणतात. दूध ओढते. माझी खाज बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी ओसरली. रक्त आणखी एकदा तपासायचं आहे.

डॉक्टरबाईंनी आज घरी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. तेव्हा आई म्हणाली, आणखी दोन दिवस राहू दे. सासूबाई म्हणाल्या, चार. दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तुला एक सांगायचं होतं. ही मुलगी नीट झोपत नाही अशी तक्रार मी नर्सकडे केली. सारखी दचकून जागी होते. नर्स म्हणाली, बघते, आणि दुपारभर येता-जाता लक्ष ठेवून होती. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'मॅडम, बाळाला काही झालेलं नाही. ती झोपली की तुमच्या सासूबाई तिच्या गालाला बोट लावतात. त्या बाहेर गेल्या की तुमच्या आई चिमटा काढतात, हलकासा. आणि त्या दोघी नसल्या की तुम्ही नाकाशी हात धरता.'

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

'तिला झोपू द्या जरा,' नर्स म्हणाली आणि दिवा मालवून गेली.

आम्ही शहाण्यासारख्या बसून राहिलो. मुलगी झोपली. पंखा चालू होता, त्यामुळे श्वास ऐकू येत नव्हता. सासूबाईंनी उठून पंखा बंद केला. तरी ऐकू येईना. आईने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं.

'लाव की बोट,' सासूबाई म्हणाल्या. 'तुजीच हाय.'

मी लावलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, लाल झाली आणि संतापून रडायला लागली. सगळा मजला उठला असेल. तिला कुणी उचललं नाही, कुणी गप्प केलं नाही. आम्ही तिघी पाळण्याभोवती ऐकत बसलो.

सुनीती